ईव्ही, सोलर आणि लाइटीची क्वालिटी: दुखणं जुनंच आहे

ईव्ही-सोलर आल्यापासून लाइटीची क्वालिटी गेली असं जो तो म्हणतोय. पण २००२ पर्यंत आपल्या पश्चिम ग्रिडची फ्रिक्वेन्सी (वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते तो आकडा) ५० हर्ट्झला टिकायचीच नाही, पीकला ४८.५ च्याही खाली जायची. जुलै २००२ मध्ये एबीटी आलं, म्हणजे फ्रिक्वेन्सी बघून जादा ओढलेल्या विजेचा दर लागायला लागला, तेव्हा कुठे गाडी वळणावर आली. (नंतरचं लोडशेडिंग आठवतंच सगळ्यांना, तो विषय वेगळा.)

हार्मोनिक्स, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटीतले जादा करंट जे विजेची लहर बिघडवतात, ते तर त्याहून जुने. पाऱ्याचे रेक्टिफायर (एसीची डीसी वीज करणारे) होते तेव्हापासून शेजारच्या टेलिफोनच्या तारांत गुणगुण यायची. अमेरिकेचं आयईईई ५१९ स्टँडर्ड १९८१ चं, तेव्हा कुठली आली ईव्ही! आपल्या नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत कारखान्यांच्या मोटरांवर ड्राइव्ह (वेग कमीजास्त करणारे) बसले, ते मुख्यतः २५० आणि ३५० हर्ट्झचा करंट लाइनीत सोडतात, आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतली खरी कामी किती येते ते) सुधारायला लावलेली कॅपॅसिटर बँक ट्रान्सफॉर्मरबरोबर नेमकी तिथेच रेझोनन्सला आली, म्हणजे तो करंट कैक पट वाढला, की कॅपॅसिटर फुगतात, फ्यूज उडतात, शिव्या खातो वायरमन.

मग नवीन काय, तर हे सगळं एमआयडीसीतून कॉलनीच्या डीपीवर, गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर, आलं. ७.४ किलोवॅटचा घरचा चार्जर एकाच फेजवर ३२ अँपिअर ओढतो, संध्याकाळी तीन-चार गाड्या त्याच फेजवर लागल्या की अनबॅलन्स, म्हणजे एका फेजवर जास्त ताण, आणि दुपारी उलटं, छतावरचं सोलर वीज डीपीकडे ढकलतं, व्होल्टेज चढतं आणि शेवटी सोलरची डीसी वीज एसीत बदलणारा इन्व्हर्टर स्वतःच ट्रिप होतो. चांगल्या कारच्या चार्जरात पॉवर फॅक्टर करेक्शन असतं, त्याला उगाच बदनाम करू नका, खरा त्रास स्वस्तातल्या चार्जरचा.

आणि एक गोष्ट खरंच नवी आहे, इनर्शिया. नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक केंद्राचे २१० मेगावॅटचे संच मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरतात, त्या वजनामुळे कुठे काही बंद पडलं तरी फ्रिक्वेन्सी पडायला वेळ लागतो. सोलर इन्व्हर्टरकडे फिरणारं असं काही नाहीच. जर्मनीत तर जुन्या नियमाने ५०.२ हर्ट्झ झाले की सगळं सोलर एकदम बंद होणार होतं, म्हणून २०१२ पासून लाखो इन्व्हर्टरची सेटिंग बदलत बसावं लागलं.

आपल्याकडे छोट्या सोलरच्या ग्रिड जोडणीचे सीईएचे (केंद्रीय वीज प्राधिकरणाचे) नियम २०१३ ला आले, ग्रिडमध्ये सोडलेला डीसी करंट ०.५ टक्क्याच्या आत वगैरे, आणि २०१९ च्या सुधारणेत चार्जिंग स्टेशनही धरली. पार्किंगमधल्या १५ अँपिअरच्या सॉकेटला लावलेल्या स्कूटरीचा परिणाम मात्र डीपीवरच दिसणार, तोही कुणी मीटर लावून बघितला तर.