धातुरस ढवळून शुद्ध करण्याच्या पद्धती

वितळलेल्या धातूतील वायू, गंधक, ऑक्साइडचे कण असे नकोसे घटक काढण्यासाठी रस ढवळतात. नुसत्या ढवळण्याने मळ निघत नाही. मळाला ओढून घेणारा चुना, वायू किंवा हवा रसात सगळीकडे पोचवणे एवढेच ढवळण्याचे काम.

हेन्री कॉर्ट यांनी इंग्लंडमध्ये १७८४ साली पेटंट घेतलेल्या पडलिंग पद्धतीत ते माणूस करी. भट्टीच्या दारातून लांब सळई घालून कामगार बीड, म्हणजे भरपूर कार्बन असलेले लोखंड, ढवळत. कार्बन जळत गेला की लोखंडाचा वितळबिंदू सुमारे १,१५० अंश सेल्सिअसवरून १,५०० अंशांपलीकडे चढतो. त्यामुळे भट्टी तेवढीच तापलेली असूनही रस कणकेसारखा घट्ट होई. काम साधत आले की हात भरून येत.

पोलाद कारखान्यात गंधक काढण्यासाठी १९६०च्या दशकात जपानमध्ये पुढे आलेली केआर (कानबारा रिॲक्टर) पद्धत वापरतात. चुना लोखंडापेक्षा हलका, म्हणून तो रसावर तरंगतो. उष्णतारोधक लेपाची चार पात्यांची रवी मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांनी फिरवली की मधोमध भोवरा पडतो आणि चुना आत ओढला जातो. गंधक घेतलेली मळी वेळीच खरवडून काढावी लागते, नाहीतर पुढच्या टप्प्यात गंधक पुन्हा पोलादात उतरते.

ॲल्युमिनियमचे नेमके उलटे. इथे भोवरा हाच शत्रू, कारण तो पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा पापुद्रा आत खेचतो. तो टाळण्यासाठी रसाचे गरगरणे अडवणारी फळी त्यात उभी करतात. मुख्य त्रास हायड्रोजनचा. घट्ट होताना ॲल्युमिनियममध्ये तो जेमतेम विसाव्या हिश्शाएवढाच मावतो आणि उरलेल्याची छिद्रे पडतात. यावर उपाय म्हणजे पोकळ दांड्यातून आर्गॉन किंवा नायट्रोजन सोडून ग्रॅफाइटच्या चक्राने त्याचे बारीक बुडबुडे करायचे. बुडबुडा १० मिलिमीटरऐवजी १ मिलिमीटरचा झाला, तर तेवढ्याच वायूला दहापट पृष्ठभाग मिळतो. हायड्रोजन बुडबुड्यात शिरतो, ऑक्साइडचे कण त्याला चिकटून वर येतात. दांडा किंवा चक्र ओलसर राहिले तर मात्र पाण्यातून नवा हायड्रोजन रसात जातो. म्हणून ती आधी तापवून घेतात.

फाउंड्रीतली परीक्षा सोपी आहे. छोट्या कपातला रस कमी दाबाखाली थिजवतात आणि गोळा मधोमध कापतात. वायू राहिला असेल तर माथा फुगतो आणि आत पावासारखी जाळी दिसते.