एफएम लिमिटरमध्ये बँड कुठून आले

मल्टिबँड लिमिटर, म्हणजे आवाजाचे फ्रिक्वेन्सीनुसार पट्टे (बँड) पाडून प्रत्येकाची पातळी मर्यादेत ठेवणारा लिमिटर, समजून घ्यायचा तर आधी प्री-एम्फसिसकडे पाहावं लागतं. एफएममध्ये वरच्या फ्रिक्वेन्सीला खरखर जास्त येते. म्हणून ट्रान्समीटरकडे ट्रेबल वाढवून पाठवायचा आणि रिसीव्हरमध्ये तेवढाच उतरवायचा, असं ठरलं. पाठवतानाची ही वाढ म्हणजेच प्री-एम्फसिस. अमेरिकेत त्यासाठी 75 मायक्रोसेकंदांचा वक्र आहे, युरोपात आणि भारतात 50 चा. 15 किलोहर्ट्झला ही वाढ अनुक्रमे सुमारे 17 आणि 13.7 डेसिबल होते. सुरुवातीच्या काळातल्या रेकॉर्डिंगमध्ये एवढ्या वरच्या पट्टीत फारसा जोर नसायचा, त्यामुळे हे खपून गेलं. पुढे माइक झांजेजवळ आणि गायकाच्या ओठांजवळ आले, ट्रेबल वाढला. डेव्हिएशनची (आवाजामुळे स्टेशनची फ्रिक्वेन्सी मागेपुढे किती सरकते, त्याची) मर्यादा मात्र ±75 किलोहर्ट्झच राहिली. एखादा टोकदार 'स'सुद्धा ती ओलांडू लागला.

तोवरचे लिमिटर सगळा आवाज एकाच गेनने (पातळी वाढवण्या-उतरवण्याच्या प्रमाणाने) सांभाळायचे. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा 110ए (1937) असाच होता. 1960 च्या दशकात सीबीएस लॅबोरेटरीजची जोडी आली: ऑडिमॅक्स सरासरी पातळी राखायचा, व्हॉल्युमॅक्स शिखरं अडवायचा. पण एकच गेन असला की बास ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला गाणाऱ्याचा आवाजही खाली जातो आणि हळूहळू वर येतो. यालाच पंपिंग म्हणतात.

1970 च्या दशकात माइक डॉरो यांच्या डीएपी 310 ने आवाज तीन बँडांत विभागून प्रत्येकाला स्वतंत्र कंप्रेसर (मोठा आवाज दाबणारं सर्किट) दिला. यातला खरा फायदा रिलीज टाइमचा, म्हणजे दाबलेला गेन परत वर यायला लागणाऱ्या वेळाचा. 50 हर्ट्झच्या एका आवर्तनाला 20 मिलिसेकंद लागतात. रिलीज त्याच्या आसपास आणला, तर गेन त्या लहरीबरोबरच हलतो आणि बास फाटतो. त्यामुळे खालचा बँड संथ ठेवावाच लागतो. वरचा मात्र बिनधास्त जलद ठेवता येतो. एका गेनमध्ये हे दोन्ही साधणं अशक्यच.

तरी शिखरांचा प्रश्न उरलाच, आणि माझ्या मते या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग तोच आहे. 19 किलोहर्ट्झचा स्टीरिओ पायलट (प्रसारण स्टीरिओ आहे हे रिसीव्हरला सांगणारा सूर) जपायचा तर ऑडिओ 15 किलोहर्ट्झला फिल्टर करावा लागतो. आता 6 किलोहर्ट्झचा सूर क्लिपरने (मर्यादेबाहेरची शिखरं कापणाऱ्या सर्किटने) पार चौकोनी केला असं समजा. त्याची तिसरी हार्मॉनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सीचा सूर) 18 किलोहर्ट्झला येते, ती फिल्टरमध्ये अडते. मागे उरलेल्या मूळ सुराचं शिखर चौकोनी लहरीपेक्षा 27 टक्के, म्हणजे सुमारे 2.1 डेसिबल उंच असतं! क्लिपरने कापलेलं फिल्टरने परत उगवलं. हा ओव्हरशूट सामावून घ्यायला इंजिनिअर सगळी पातळीच उतरवून ठेवत. रॉबर्ट ऑर्बन यांनी 1975 मध्ये ऑप्टिमॉड-एफएम 8000 मध्ये लिमिटर, फिल्टर आणि स्टीरिओ जनरेटर एकाच पेटीत, एकमेकांचा हिशेब धरून बसवले. ओव्हरशूट आवरला आणि वाया जाणारं मॉड्युलेशन (मर्यादेखालची न वापरलेली पातळी) हाती आलं.

ते हाती आल्यावर स्टेशनांत मोठ्या आवाजाची चढाओढ लागली, बँडही वाढत गेले. युरोपात अनेक देशांनी आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची) बीएस.412 शिफारस लागू केली: कोणत्याही 60 सेकंदांत मल्टिप्लेक्सची (ट्रान्समीटरला जाणाऱ्या एकत्रित स्टीरिओ सिग्नलची) सरासरी पॉवर ±19 किलोहर्ट्झ डेव्हिएशनच्या साइन टोनएवढीच. तिथे जास्त क्लिपिंग केल्यास आवाज मोठा न होता फक्त चिरडतो.

इंटरनेट स्ट्रीमला प्री-एम्फसिस नसतो. तरीही अनेक स्टेशनं एफएमसाठी क्लिप केलेला आउटपुटच एन्कोडरला जोडतात. क्लिपिंगमधून आलेली विकृती जपण्यात कोडेकचे (आवाजाचा डेटा आटवणाऱ्या पद्धतीचे) बिट खर्ची पडतात आणि झांजा पाण्यात बुडाल्यासारख्या वाजतात. स्ट्रीमसाठी क्लिपरच्या आधीचा सिग्नल घ्यावा आणि शेवटी लुक-अहेड लिमिटर (शिखर येण्याआधीच ओळखून गेन उतरवणारा) लावावा.