व्हिसाची वैधता आणि मुक्कामाची मर्यादा

अल्पमुदतीच्या व्हिसावर दोन वेगळ्या मुदती असतात. त्या देशात कोणत्या तारखांच्या दरम्यान शिरता येईल ही वैधता आणि शिरल्यावर किती दिवस राहता येईल ही मुक्कामाची मर्यादा. पहिली दाराची, दुसरी घरात बसण्याची. मुंबईकराला हा फरक नवा वाटू नये : लोकलचे तिकीट काढले की तासाभरात प्रवास सुरू करावा लागतो, पण चर्चगेटहून विरार गाठायला तासापेक्षा जास्त वेळ लागला म्हणून कोणी विनातिकीट ठरत नाही. तरीही दोन्हींची गल्लत सर्रास होते.

सर्वाधिक गल्लत अमेरिकेच्या व्हिसाबाबत होते. पार्ले-डोंबिवलीकडचे आईवडील मुलीच्या बाळंतपणासाठी निघतात, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात मुलाखत देतात आणि ‘दहा वर्षांचा मिळाला’ म्हणून पेढे वाटतात. मिळालेली असते ती दहा वर्षे विमानतळावर जाऊन प्रवेश मागण्याची मुभा. राहायचे किती, हे तिथला अधिकारी दर खेपेला ठरवतो. पर्यटकाला साधारणपणे सहा महिने मिळतात आणि शेवटची तारीख ‘आय-९४’ या नोंदीत असते. ही नोंद आता ऑनलाइन असते. उतरल्यावर ती एकदा पाहून घेतलेली बरी. उलट बाजूही खरी आहे : तिथे असताना व्हिसा संपला, पण आय-९४ची तारीख पुढची असली तर तोवरचे राहणे कायदेशीरच. मुदतवाढ हवी असल्यास अर्ज ती तारीख उलटण्याआधी करावा लागतो. तारखेनंतर राहिल्यास दहा वर्षांचा तो व्हिसाच रद्दबातल होतो. बेकायदा मुक्काम १८० दिवसांपलीकडे गेल्यावर देश सोडला तर तीन वर्षे, वर्षभर किंवा अधिक झाला तर दहा वर्षे प्रवेशबंदी लागू शकते.

ब्रिटनचा पर्यटक व्हिसा सहा महिन्यांप्रमाणेच दोन, पाच किंवा दहा वर्षांचाही मिळतो. एका खेपेचा मुक्काम मात्र सहसा सहा महिन्यांपर्यंतच.

शेंगेन व्हिसाचे गणित अधिक किचकट. यात युरोपातले २९ देश येतात. आयर्लंड आणि ब्रिटन त्यात नाहीत. स्टिकरवर ‘पासून-पर्यंत’च्या तारखा, प्रवेशांची संख्या आणि मुक्कामाचे दिवस वेगवेगळे छापलेले असतात. एका प्रवेशाच्या व्हिसात या तारखांमध्ये मुक्कामाच्या दिवसांपेक्षा सहसा १५ दिवसांची जादा सवड धरलेली असते. समजा, तारखा ५ मे ते १८ जून आणि दिवस ३०. १० मे रोजी पोहोचणाऱ्याला ८ जूनपर्यंत राहता येते. १ जूनला पोहोचणाऱ्याच्या हाती १८च दिवस उरतात, कारण दोन्हींपैकी जी मुदत आधी संपते ती लागू. उतरण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस मुक्कामात मोजले जातात, मग विमान रात्री पावणेबाराला का टेकेना. सहारला, म्हणजे मुंबई विमानतळावर, परत कधी उतरलो याला इथे महत्त्व नाही; शेंगेनची सीमा कधी ओलांडली ते बघतात.

मल्टिपल एंट्रीवाल्यांसाठी, म्हणजे अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा असलेल्यांसाठी, नियम असा : कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. एप्रिल २०२४मध्ये भारतीयांसाठी नियम सैल झाले. आधीच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा रीतसर वापरलेल्यांना दोन वर्षांचा आणि त्यानंतर सहसा पाच वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. पण पाच वर्षे हातात असली तरी ९० दिवसांचे बंधन तसेच राहते. एक दिवस बाहेर जाऊन आलो की नवे ९० सुरू, ही समजूत साफ चुकीची. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागे वळून १८० दिवस मोजायचे. २०२५मध्ये १ जानेवारी ते ३१ मार्च असे सलग ९० दिवस राहिलेल्याला पुढचा प्रवेश थेट ३० जूनला मिळतो.

दुबईकडे वैधता संपल्यावरही मुक्काम चालू राहतो असे घडते. पर्यटक परवाना मिळाल्यापासून ६० दिवसांत प्रवेश करायचा. ३० किंवा ६० दिवसांचा मुक्काम त्यानंतर मोजतात.

पूर्वी युरोपात सीमेवरचा अधिकारी पासपोर्टाची पाने उलटत शिक्क्यांवरून दिवस मोजत असे आणि पुसट शिक्क्याचा फायदा कधी प्रवाशाला मिळे, कधी भुर्दंड पडे. १२ ऑक्टोबर २०२५पासून तिथे टप्प्याटप्प्याने बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची संगणकीय नोंद सुरू झाली असून हा हिशेब यंत्रच करते.