पार्श्वभूमी, पक्षी-छायाचित्रणातील

छायाचित्रात पक्ष्याच्या मागे दिसणारा भाग उजळ ठेवायचा की गडद, हे छायाचित्रकाराने हेतुपूर्वक ठरविणे, यास पार्श्वभूमीची निवड म्हणतात. स्टुडिओत मागे पडदा टांगता येतो. मोकळ्या रानात ती सोय नसल्याने ही निवड मुख्यतः उभे राहण्याची जागा, दिवसाची वेळ आणि पक्ष्यावरील व त्याच्या मागील प्रकाशातील तफावत यांवर अवलंबून असते.

या प्रथेचा उगम निश्चितपणे सांगणे कठीण आहे. फिकट, मोकळ्या पार्श्वभूमीचे मूळ चित्रकलेत शोधता येते. कलकत्त्यात तेथील ब्रिटिश मुख्य न्यायाधीश इंपी व त्यांच्या पत्नीसाठी चित्रकार शेख झैनुद्दीन व त्याच्या सहकाऱ्यांनी १७७७ ते १७८२ च्या सुमारास रंगविलेले पक्षी कोऱ्या पांढऱ्या कागदावर आहेत, आणि पिसाऱ्याचा तपशील वेगळा उठून दिसावा हा हेतू त्यांत स्पष्ट जाणवतो. तथापि आरंभीच्या छायाचित्रांतील पांढऱ्या आकाशाचा या परंपरेशी थेट संबंध जोडणे धाडसाचे ठरेल. त्या काळी छायाचित्रासाठी वापरल्या जाणाऱ्या, प्रकाशसंवेदी लेप दिलेल्या काचपट्ट्या निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील आणि तांबड्याला जवळजवळ असंवेदनशील असत. त्यामुळे निळे आकाश छायाचित्रात कोरे पांढरे उमटे. सर्व रंगांना संवेदनशील अशा पँक्रोमॅटिक पट्ट्या १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या.

गडद पार्श्वभूमीचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक एत्येन-झ्यूल मारे याने १८८२ मध्ये नेपल्स येथे बंदुकीच्या आकाराच्या कॅमेऱ्याने उडत्या पक्ष्यांची छायाचित्रे घेतली. हा कॅमेरा सेकंदाला १२ प्रतिमा टिपत असे आणि प्रत्येक प्रतिमेचे उद्भासन (एक्सपोजर, म्हणजे पट्टीवर प्रकाश पडू देणे) सुमारे १/७२० सेकंद असे. परंतु उजळ आकाशासमोर पक्षी केवळ काळ्या आकृतीसारखा उमटे. पुढे पॅरिस येथे त्याने एकाच स्थिर पट्टीवर पाठोपाठ अनेक उद्भासने घेण्याची पद्धत अवलंबिली. या पद्धतीत मागून थोडाही प्रकाश आला, तर प्रत्येक उद्भासनागणिक तो साठत जाऊन पट्टी धुरकटून जाई. म्हणून काळ्या पोकळीसमोरून पांढरा पक्षी उडविणे भाग पडले. विसाव्या शतकाच्या मध्यास एरिक हॉस्किंग यांच्यासारख्या छायाचित्रकारांनी घुबडे फ्लॅशच्या प्रकाशात टिपली, त्यांतील काळोखही प्रकाशाच्या नियमातूनच येतो. फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. पक्षी ३ मीटरवर आणि मागची झाडी १२ मीटरवर असेल, तर झाडीवर पक्ष्याच्या १/१६ इतकाच प्रकाश, म्हणजे ४ स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा), पोहोचतो. हे सर्व पाहता दोन्ही पार्श्वभूमी प्रथम साधनांची सक्ती म्हणून आल्या आणि अभिरुचीचा भाग नंतर झाल्या, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे (परंपरेने १८ टक्के परावर्तन) आहे असे गृहीत धरतो. गर्द झाडीसमोर बसलेला बगळा चौकटीत लहान असेल, तर मापक झाडीला उजळू पाहतो आणि बगळ्याची पिसे कोरी होतात. तेव्हा उद्भासन साधारण १ ते २ स्टॉप कमी करावे लागते. पांढुरक्या आकाशासमोरील काळ्या कोतवाल पक्ष्यासाठी नेमके उलट करावे लागते. यांपैकी पहिली चूक अधिक महागात पडते, कारण पूर्ण पांढऱ्या झालेल्या भागातील तपशील नंतर कोणत्याही संस्करणाने परत मिळत नाही.

नागपूर परिसरात ही निवड ऋतूंशी बांधलेली आहे. गोरेवाड्याच्या शुष्क पानझडी जंगलात पावसाळ्यानंतर साग व बांबू यांची दाट हिरवी सावली मिळते. उन्हात बसलेला पक्षी आणि मागची सावली यांत ३ ते ४ स्टॉपचा फरक असल्यास पक्ष्यासाठी योग्य उद्भासन देताच मागील भाग आपोआप काळवंडतो, फ्लॅशची गरज राहत नाही. फेब्रुवारी-मार्चपासून पानगळीमुळे तीच जागा फिकट तपकिरी होते. अंबाझरी तलावाचा बांध पूर्वेकडे असल्याने सकाळी बांधावरून पश्चिमेकडे पाहताना सूर्य पाठीशी असतो आणि पाणी आकाशाची निळाई घेते. संध्याकाळी तेच पाणी सोनेरी-पांढरे होऊन पाणकावळ्याची केवळ आकृती उरते. शहराबाहेरील नांगरलेली, ओली काळी जमीन गाय बगळ्यासाठी उत्तम गडद पार्श्वभूमी आहे. मात्र तीच मिळवायची तर किंचित उंचावरून छायाचित्र घ्यावे लागते, कारण डोळ्यांच्या पातळीवर खाली बसताच मागे क्षितिज आणि आकाश येते. मेच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य येथे जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा दोन्ही प्रकारांस वाव फार कमी.

स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर या विषयातील सर्वांत अवघड उदाहरण होय. त्याचे तुरेदार डोके चकाकते काळे, तर अंग आणि शेपटीची दोन लांब पिसे शुभ्र असतात. गडद पार्श्वभूमीवर तुरा हरवतो, उजळ पार्श्वभूमीवर शेपटी. मागे दूरची, उन्हाने समान उजळलेली मध्यम हिरवी झाडी असली, तरच दोन्ही टिकतात. त्यासाठी पक्षी आणि झाडी यांतील अंतर जितके अधिक, तितके चांगले.

हा पक्षी मध्य भारतात उन्हाळ्यात व पावसाळ्याच्या आरंभी घरटे करतो, आणि घरट्यामागील पार्श्वभूमी मोकळी व्हावी म्हणून आसपासच्या फांद्या छाटण्याचा किंवा बांधून बाजूला ओढण्याचा प्रकार याच काळात संभवतो. आडोसा गेल्यावर पिले थेट उन्हात येतात, शिवाय कावळ्यांनाही घरटे दिसू लागते. छायाचित्रकाराने स्वतः दोन पावले सरकून जी पार्श्वभूमी मिळते तीच स्वीकारणे हा यावरील एकमेव निर्धोक उपाय आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणे याचाही समावेश होतो.