पार्श्वभूमी : एमआर नावाची खुर्ची

भोसरी-चाकणकडच्या कारखान्यात गुणवत्तेचा विषय निघाला की आजही पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तुमच्याकडे एमआर कोण?" औषधांची बॅग घेऊन फिरणारा नव्हे, हा मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह, म्हणजे गुणवत्तेची व्यवस्था सांभाळायला व्यवस्थापनाने नेमलेला माणूस. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकातून हे पद २०१५ सालीच वगळलं गेलं, तरी प्रश्न विचारला जातोच.

मागचं थोडक्यात. जपानमध्ये १९६२ पासून कामगारांची गुणवत्ता मंडळं सुरू झाली. १९८०च्या सुमारास एका सरकारी कारखान्यातून ती भारतात आली आणि पुढे पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातही पोहोचली. मशीनवरच्या माणसाला अडचण विचारायची, एवढीच त्यातली मूळ कल्पना. आयएसओचं मानक आलं १९८७ मध्ये. आपल्याकडे त्याला खरा जोर आला तो मात्र १९९१ नंतर, मोठ्या गिऱ्हाइकांनी आपल्या व्हेंडरांकडे सर्टिफिकेट मागायला सुरुवात केली तेव्हा. १९९४ मध्ये मानकाची दुसरी आवृत्ती निघाली, त्यात वीस कलमं होती. त्याच वर्षी तीन अमेरिकी मोटार कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांसाठी क्यूएस ९००० हे मानक आणलं. दहा-बारा मशीनच्या शेडमालकाला मग दोनच गोष्टी कळत होत्या : कागद हवा, आणि तो सांभाळायला माणूस हवा.

मानकाला या जागी अधिकार असलेली व्यक्ती अपेक्षित होती. २००० च्या आवृत्तीत तर ती व्यवस्थापनातलीच असावी, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात ही खुर्ची बहुधा इन्स्पेक्शनवाल्याला मिळाली, नाहीतर नुकता डिप्लोमा होऊन आलेल्या, बऱ्यापैकी इंग्रजी लिहिणाऱ्या मुलाला. फायलींच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात गेजवर, म्हणजे मापाच्या साधनांवर, कॅलिब्रेशनचे (माप अचूक असल्याच्या तपासणीचे) स्टिकर लावणं आणि कामगारांकडून क्वालिटी पॉलिसी पाठ करून घेणं, हीही त्याचीच कामं.

अशी खुर्ची काय करू शकते, हे एका नेहमीच्या तक्रारीवरून कळतं. ड्रिलिंगला जॉब (मशीनवर लावलेला सुटा भाग) उलटा बसला, भोक भलत्या बाजूला पडलं, गिऱ्हाइकाकडून माल परत आला. जॉब धरून ठेवणाऱ्या फिक्श्चरला एक पिन बसवली तर जॉब उलटा बसणारच नाही. पण त्यासाठी मशीन अर्धा दिवस थांबवावं लागतं, आणि प्रॉडक्शनवाल्याला संध्याकाळची गाडी भरायची असते. मशीन थांबवा म्हणण्याची एमआरची छाती नसते. मग रिपोर्टमध्ये कारणाच्या रकान्यात 'निष्काळजीपणा' आणि उपायाच्या रकान्यात 'ऑपरेटरला समज दिली'. तीन महिन्यांनी तीच तक्रार येते, ऑपरेटर तेवढा वेगळा. ज्याला कारण ठाऊक होतं त्या ऑपरेटरला मधल्या काळात कोणी विचारलेलं नसतं. मंडळांच्या काळात निदान विचारत तरी होते.

सप्टेंबर २०१५ च्या आवृत्तीने या पदाची सक्ती काढली. जबाबदारी थेट वरिष्ठ व्यवस्थापनावर टाकली आणि कामं कोणाकोणाला वाटायची तेही त्यांच्यावरच सोडलं. क्वालिटी मॅन्युअलची, म्हणजे सगळी व्यवस्था लिहून ठेवलेल्या पुस्तिकेची, सक्तीही गेली. यावर तेव्हा बराच वाद झाला. सल्लागार मंडळी म्हणाली, आता मालकाला अंग काढून घेता येणार नाही. छोट्या कारखानदारांचं म्हणणं, खरेदी, बँक, विक्री सगळं मीच बघतो, आता हेही मीच बघू का? आणि खुद्द एमआरांची कुरकूर अशी की, या नावामुळे निदान मीटिंगमध्ये बसायला मिळायचं, आता तेही गेलं. मला मानकाचा निर्णय बरोबर वाटतो, पण या तिसऱ्या तक्रारीला उत्तर कोणी दिलं नाही. प्रतिबंधक कृतीचं (चूक होण्याआधीच ती टाळण्याचं) स्वतंत्र कलम जाऊन जोखमीचा विचार आला, तोही बऱ्याच ठिकाणी 'रिस्क रजिस्टर' नावाची आणखी एक फाइल होऊन बसला.

वाहन उद्योगाचं मानक २०१६ मध्ये नव्या नावाने आलं. हे मानक आणि आयएसओ ९००१, दोन्हींच्या नव्या आवृत्तीकडे वळण्याची मुदत सप्टेंबर २०१८ मध्ये संपली. त्या सुमारास अनेक शेडमध्ये कोणाकडे कोणतं पद ते दाखवणारा भिंतीवरचा तक्ता नव्याने छापला गेला. एमआरच्या चौकटीत आता 'सिस्टीम कोऑर्डिनेटर' लिहिलेलं असतं. कपाटाची किल्ली आहे त्याच माणसाकडे.