पडद्याआड फोटो नसतोच

‘कुणाचंही प्रायव्हेट अकाउंट असू दे, नुसतं युजरनेम टाका, फोटो बघा!’ ही जाहिरात परवा समोर आली आणि हात शिवशिवले. साइट उघडून वाट्टेल ती बटणं दाबली आणि अस्तित्वातच नसलेलं एक नाव टाकलं. टक्केवारी सरकू लागली. ‘सर्व्हरशी संपर्क होत आहे... फोटो डिक्रिप्ट होत आहेत...’ अर्ध्या मिनिटात निकाल: ४७ फोटो सापडले! नसलेल्या माणसाचे. पानाचा कोड पाहिला, तर तो टक्क्यांचा आकडा निव्वळ टायमरवर पळत होता.

प्रायव्हेट फोटो पडद्याआड ठेवलेला असतो आणि पडदा सारणारा कुणी हुशार भेटला की झालं, असा बहुतेकांचा समज असतो. पण पडद्याआड काही नसतंच. फोटो तुमच्या फोनपर्यंत येतच नाही.

का येत नाही, ते मोठं मजेदार आहे. वेबची मूळ भाषा, एचटीटीपी, कमालीची विसरभोळी. मागच्या क्षणी कोण काय मागून गेलं, तिला आठवत नाही. त्यावर १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुली यांनी तोड काढली, ती कुकी, म्हणजे सर्व्हरने तुमच्या ब्राउझरकडे ठेवायला दिलेली छोटीशी चिठ्ठी. लॉगिन केलं की सर्व्हर त्या चिठ्ठीत तुम्हाला एक लांबलचक, यादृच्छिक अक्षरमाळ देतो, म्हणजे सेशन टोकन. पुढच्या प्रत्येक मागणीसोबत ते जातं. सर्व्हर पाहतो, टोकन कुणाचं? हा माणूस फॉलोअर्सच्या यादीत आहे का? नसेल तर विषय संपला. असेल तर फोटोची लिंक मिळते, आणि अनेक सेवांमध्ये त्या लिंकवरही मुदत आणि सही असते. फोटोचा पत्ता, मुदत आणि सर्व्हरकडची गुप्त किल्ली एकत्र करून एसएचए-२५६ सारख्या हॅशमधून, म्हणजे कुठल्याही मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा काढणाऱ्या गणिती सूत्रातून काढली की ही सही तयार होते. पत्त्यातलं एक अक्षर बदला, अख्खी सही बदलते. शक्य सह्या २ चा २५६ वा घात, म्हणजे ७८ अंकी संख्या. बसा अंदाज बांधत!

सर्व्हर तपासायला विसरला तर? तसंही घडतं. २०२१ मध्ये एका भारतीय तरुणाला इन्स्टाग्राममध्ये अशीच त्रुटी सापडली होती. त्याने ती कंपनीला कळवली, ३०,००० डॉलर बक्षीस मिळालं आणि भोक बुजलं. एवढ्या मोलाची गोष्ट कुणी जाहिरातीतून फुकट वाटेल का?

‘एआयने धूसर फोटो स्पष्ट करतो’ हाही त्यातलाच प्रकार. पुसल्या गेलेल्या तपशिलाच्या जागी एआय आपल्या मनचा चेहरा भरतो. हात पाहून भविष्य सांगणारा निदान तुमचाच हात तरी पाहतो.

मग या साइट कमावतात कशावर? ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणत भरून घेतलेल्या सर्व्हेच्या आणि डाउनलोड करायला लावलेल्या ॲपच्या कमिशनवर. ॲपने ॲक्सेसिबिलिटीची परवानगी घेतली, तर स्क्रीनवरचा ओटीपीही त्याला वाचता येतो. सगळ्यात वाईट म्हणजे ‘आधी लॉगिन करा’. कारण त्यांना हवं असतं तुमचंच टोकन. ते हाती लागलं की पासवर्ड नको, ओटीपी नको. ती तपासणी लॉगिनच्या वेळीच उरकलेली असते. मग तुमच्या नावाने तुमच्या मित्रांकडे पैसे मागायला कितीसा वेळ लागतो?

कुणी तिथे लॉगिन करून बसलंच असेल, तर पासवर्ड बदला आणि सेटिंग्जमधून सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट व्हा. जुनं टोकन सर्व्हरच्या वहीतून खोडलं जातं. मग चोराकडे उरते ती नुसती अक्षरमाळ.