भाव आणि रस: मारवा उदास आहे की आपण?

मैफल संपली की कुणीतरी म्हणतंच "काय भाव होता!", दुसरा म्हणतो "करुण रस नुसता ओसंडत होता", आणि दोघांना वाटतं आपण एकच बोललो. तसं नाहीये.

भाव म्हणजे सरळ मनातली वृत्ती. शोक, क्रोध, भय, उत्साह वगैरे. भरतमुनीच्या नाट्यशास्त्रात (नाटकावरचा प्राचीन ग्रंथ) असे आठ स्थायीभाव, म्हणजे मनात टिकून राहणाऱ्या मूळ वृत्ती, आहेत आणि त्यांच्या जोडीला आठ रस, म्हणजे शोकाचा करुण, उत्साहाचा वीर (शांत हा नववा, आणि त्याची जोरदार बाजू घेतली ती काश्मीरच्या अभिनवगुप्त या विचारवंताने, साधारण इ.स. १००० च्या आसपास). आता घरात कुणी गेलं तर जे होतं तो शोक, त्याचा आस्वाद कुणी घेत नाही. पण तोच शोक स्टेजवर बघून आपण रडतो आणि बाहेर येऊन वर सांगतो की नाटक मस्त झालं, तर हा जो रडतानाचा आनंद आहे ना, तो रस. ते दुःख माझंही नाही, नटाचंही नाही, सगळ्यांचं झालेलं असतं. याला साधारणीकरण म्हणतात, कल्पना मूळ त्याच्या आधीच्या भट्टनायक या विचारवंताची, अभिनवगुप्ताने पुढे नेली.

नाटकात निदान पात्र तरी असतं. नुसत्या आलापात, म्हणजे शब्दांशिवायच्या गाण्यात, कोण रडतंय? गवई तर ग्रीनरूममध्ये जोक मारत बसलेला असतो.

इथे लोक भरताचाच दाखला देतात, की त्याने गंधार-निषाद (ग-नी) करुणाला दिलेत, मध्यम-पंचम (म-प) हास्य-शृंगाराला. बरोबर आहे, पण ते नाटकातल्या गाण्यासाठी होतं, आणि आजच्या रागांना तो तक्ता लावला की लगेच फसतो. मारवा, पूरिया आणि सोहनी घ्या. तिघांत तेच सहा स्वर, कोमल रे, तीव्र म, पंचम गायब. मारव्यात सा टाळत टाळत रे-धवर थांबतात म्हणून कानाला टेकायला जागाच मिळत नाही आणि संध्याकाळी जीव कासावीस होतो, पूरिया मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, ग-नीवर गंभीरपणे बसतो, आणि सोहनी तार सा (वरच्या सप्तकातला सा) भोवती अशी बागडते की करुण वगैरे आठवतही नाही. मग करुण नक्की कुठल्या स्वरात होता?

व्हिएन्नाचा समीक्षक हान्सलिक १८५४ मध्ये असंच काहीतरी म्हणाला होता. ग्लुक या संगीतकाराच्या ऑपेरात (गाऊन सादर होणारं नाटक) ऑर्फियस आपल्या बायकोसाठी "माझी युरिडीस हरवली" म्हणून गातो, तिथे "सापडली" घाला, चाल तितकीच शोभते. म्हणून भावना हा संगीताचा आशयच नाही, सौंदर्य आहे ते स्वरांच्या आकृतीत, असं त्याचं म्हणणं. मला वाटतं भावाबद्दल त्याचं बऱ्यापैकी पटतं, पण रसाला त्याने धक्का लागत नाही, कारण रस स्वरात साठवलेला असतो असा अभिनवगुप्ताचा दावाच नव्हता, तो ऐकणाऱ्याच्या आस्वादात घडतो.